तार लागली, पण सूर लागला का?

'ताई,

मी तेवीस वर्षांचा आहे, मला अरे-तुरे केलंत तरी चालेल. आमचा चौघांचा बँड आहे. मी गिटार वाजवतो, गाणी लिहितो. दीड वर्षापूर्वी बँडमधल्या एका मित्राबरोबर गांजा ओढायला लागलो. त्या रात्रींतून तीन गाणी निघाली आणि लोकांना आमची आवडलेली गाणी तीच तीन. त्याआधीची माझी गाणी म्हणजे शाळेतले निबंध. आता न ओढता गिटार हातात घेतली की काही सुचत नाही, दोन ओळींतच स्वतःची लाज वाटायला लागते. मित्र म्हणतो, गांजा तर काहीच नाही, एकदा ॲसिड घे आणि मग बघ. तो बीटल्स, चार्ली पार्कर, बोवी अशी नावं घेतो आणि माझ्याकडे उत्तर नसतं. हे सगळे नशेत होते हे खरं ना? मग मी सोडलं तर गाणंही सुटेल का?

ड्रमर हल्ली म्हणतो की मी लयीत मागे पडतो. त्यावरून आमचं कडाक्याचं भांडण झालं.

— बेताल'

प्रिय बेताल,

सही तूच अशी केलीस, म्हणजे ड्रमरचं म्हणणं निम्मं तरी पटलेलं दिसतंय. त्याच्याकडे नंतर येते.

आधी तुझ्या प्रश्नाचं सरळ उत्तर. हो, होते. त्यातले कित्येक नशेत होते आणि थोरही होते. दोन्ही गोष्टी खऱ्या. घोळ होतो तो त्या दोहोंच्या मध्ये आपण 'म्हणून' घुसडतो तेव्हा. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एक गाठ पडली, एवढ्यावरून कावळ्याला लाकूडतोड्या म्हणता येत नाही.

मी हे काठावर उभी राहून बोलत नाही. बावीस वर्षं ध्वनिमुद्रणाच्या काचेमागे काढली, आणि त्यातली पहिली तीन-चार वर्षं, तुझ्याच वयाची असताना, मीही त्या धुरात होते. एक रात्र चांगली आठवते. पाच जण, बंद खोली, पहाटेचे तीन. आम्ही असं काही वाजवलं की एकमेकांकडे बघून डोळ्यांत पाणी आलं. ब्रह्मानंदी टाळी लागते म्हणतात ती हीच, याबद्दल कुणालाही शंका नव्हती. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी टेप लावली. चाळीस मिनिटं एकच कॉर्ड. त्यात गिटारची एक तार दहाव्या मिनिटाला उतरलेली आणि पुढची तीस मिनिटं पाचांपैकी एकालाही ते कळलेलं नाही. ती टेप मी जपून ठेवली आहे. हाताखाली नवा मुलगा आला की ऐकवते.

पण त्या रात्रीचा आनंद खोटा नव्हता, हेही तुला सांगायला हवं. आनंद खराच होता. फक्त तो वाजवणाऱ्याचा नव्हता, ऐकणाऱ्याचा होता. नशा तुझ्यातल्या श्रोत्याला बदलते. गांजानं वेळ ताणली जाते, मिनिटभराचा काळ कितीतरी लांबल्यासारखा वाटतो, त्यामुळे एखादा सूर विरत जातो तेवढ्यातही माणूस रमून जातो. लंडनच्या इंपीरियल कॉलेजातल्या संशोधकांनी २०१५ मध्ये एलएसडीवरचा, म्हणजे तुझ्या मित्राच्या ॲसिडवरचा, एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्यात लोकांना तेच संगीत या औषधाच्या अमलाखाली जास्त भावनेनं भिडलं. तुझ्या मित्राला हे सांग, तो खूश होईल. मग त्याला २०२२ चा दुसरा अभ्यासही सांग. त्यात गांजा ओढलेल्या आणि न ओढलेल्या लोकांना नव्या कल्पना सुचवायला सांगितल्या होत्या. ओढलेल्यांना आपल्या कल्पना अधिक कल्पक वाटल्या, दुसऱ्यांच्या कल्पनाही वाटल्या. बाहेरच्या माणसांनी तपासल्या तेव्हा दोन्ही गटांत काही फरक निघाला नाही. कल्पना होत्या तेवढ्याच राहिल्या, वाढलं ते कौतुक.

तुझ्या पत्रातली 'स्वतःची लाज वाटते' ही ओळ मी दोनदा वाचली. तुझा आजार तिथे आहे. तुझ्या आत एक परीक्षक बसलाय, तो दुसऱ्याच ओळीला गुण कापायला लागतो. ओढलं की तो झोपतो. तुला वाटतं, सुचायला लागलं. खरं तर सुचत आधीपासूनच होतं, फक्त लगेच खोडलं जात होतं. हा फायदा मी नाकारत नाही. पण त्याच परीक्षकानं पुढे जाऊन चाळिसातली साडेएकोणचाळीस मिनिटं कापायची असतात, आणि तो झोपलेला असताना ते काम करणार कोण?

मित्र बीटल्सचं नाव घेतो ना, मग बीटल्सच घेऊ. एप्रिल १९६६. 'टुमॉरो नेव्हर नोज'. ॲसिडचं गाणं म्हटलं की पहिलं बोट याच्याकडे जातं. बीटल्सच्या जॉन लेननच्या गाठीला एलएसडीचा अनुभव होता आणि त्याची फर्माईश अशी की आपला आवाज डोंगरमाथ्यावरून मंत्र म्हणणाऱ्या दलाई लामांसारखा यायला हवा. फर्माईश करायला काय लागतं! ती पुरी केली जेफ एमरिक नावाच्या वीस वर्षांच्या ध्वनिमुद्रकानं. हॅमंड ऑर्गनला एक गरगर फिरणारा स्पीकर जोडतात, लेस्ली म्हणतात त्याला. लेननचा आवाज त्यानं त्या स्पीकरमधून काढला. टेपचे तुकडे चिकटवून वेटोळी केली होती, ती वेगवेगळ्या यंत्रांवर एकाच वेळी फिरत होती, आणि टेप सैल पडू नये म्हणून स्टुडिओतले कर्मचारी पेन्सिलीवर ती ताणून धरून उभे होते. या सगळ्या गोष्टीत मला तो पेन्सिलवाला सगळ्यात जवळचा वाटतो. जगाला जो आवाज डोक्याची दारं उघडल्यासारखा ऐकू आला, त्यातला काही भाग एका कंटाळलेल्या नोकरदाराच्या स्थिर हातावर तोललेला होता. त्याच अल्बममधल्या 'आय ॲम ओन्ली स्लीपिंग'मध्ये उलटी गिटार आहे. ती स्वप्नासारखी वाटते. ती वाजवण्यासाठी त्यांचा गिटारवाला जॉर्ज हॅरिसन यानं आधी हवी ती सुरावट ठरवली, मग ती शेवटाकडून सुरुवातीकडे बसवली, तशी वाजवली आणि टेप उलटी फिरवली. कित्येक तास गेले त्यात. गुंगीत असलेल्या माणसाला हे करून दाखव म्हणावं.

आणि लेनन खरोखरच ॲसिडच्या अमलाखाली स्टुडिओत होता तेव्हा काय झालं, तेही ऐक. २१ मार्च १९६७, 'गेटिंग बेटर'चं काम चाललेलं. त्यानं चुकून दुसऱ्या गोळीऐवजी एलएसडी घेतलं. त्यांचा निर्माता जॉर्ज मार्टिन याला वाटलं पोराची तब्येत बिघडली, मोकळी हवा मिळावी म्हणून तो त्याला गच्चीवर घेऊन गेला. खाली बाकीच्यांना खरा प्रकार लक्षात आला आणि गच्चीला धड कठडाही नाही हे आठवलं, तशी त्यांची पळापळ झाली. त्या रात्री लेननच्या हातून पुढे काही काम झालं नाही. त्यांचा ड्रमर रिंगो यानंही नंतर मोकळेपणानं सांगितलंय की नशेत वाजवलेलं सगळं भिकार निघायचं. अनुभव घ्यायचे वेगळ्या वेळी, वाजवायचं वेगळ्या वेळी, हे त्यांना लवकर कळलं होतं.

मग नशेचा आवाज म्हणून आपण ज्याला ओळखतो तो येतो कुठून? बहुतेक वेळा यंत्रातून. जमैकाच्या डब संगीतातले ते दूर जात जात परत येणारे प्रतिध्वनी घे. ऐकणाऱ्यांनी त्यांची सांगड गांजाशी घातली, पण ते घडवणारा किंग टबी हा विजेची उपकरणं दुरुस्त करणारा माणूस होता, त्याची हत्यारं म्हणजे मिक्सर, टेप-डिले आणि सोल्डरिंगची कांडी. ॲसिड हाउस या नाचायच्या इलेक्ट्रॉनिक संगीताचं नावच ॲसिड. पण १९८७ च्या 'ॲसिड ट्रॅक्स'मधला तो किंचाळणारा, वितळणारा आवाज रोलंड टीबी-३०३ या पेटीचा आहे. गिटारवाल्यांना सोबत म्हणून बेस वाजवणारं ते यंत्र १९८१ मध्ये आलं, कुणी फारसं घेतलं नाही, १९८४ मध्ये बंद पडलं. शिकागोच्या तीन पोरांनी ते स्वस्तात मिळवलं आणि सूर चालू असतानाच त्याची फिल्टरची बटणं पिळली. बस्स. ह्यूस्टनच्या डीजे स्क्रूनं गाण्यांचा वेग उतरवून जो जड, बुडत जाणारा आवाज तयार केला त्याचं नातं लोकांनी नशेसाठी प्यायल्या जाणाऱ्या खोकल्याच्या कोडीन सिरपशी जोडलं. तो संथपणा टर्नटेबल आणि टेपच्या वेगातून आला होता. सिरपमधून आलं ते मरण. नोव्हेंबर २०००, वय एकोणतीस, कोडीन आणि इतर पदार्थांचं मिश्रण.

नशेनं संगीताला काहीच दिलं नाही असं मात्र मी म्हणणार नाही. कुठल्या रात्री किती वेळ नाचायचं, किती लांब वाजवायचं, कशाबद्दल लिहायचं, हे तिनं बदललं. श्रोत्यांची गर्दी जे घेत होती त्याला साजेसं संगीत मागत होती आणि वादक ते पुरवत होते. पण मागणी ओळखणारा आणि पुरवणारा माणूस शुद्धीवर असावा लागतो.

आता पार्कर, जॅझचा सॅक्सोफोनवादक. याच्या बाबतीत तुझ्या मित्राचा गैरसमज फार जुना आहे, तो पार्करच्या डोळ्यांदेखत जन्मला. १९३६ मध्ये मोटार-अपघातात जबर मार लागला, दुखण्यावर मॉर्फीन मिळालं आणि तिथून पुढे तो हेरॉइनच्या विळख्यात गेला. १९४० च्या दशकात तो सॅक्सोफोनवर जे करत होता ते इतरांना कळतही नव्हतं, तेव्हा तरुण वादकांनी सोपा हिशोब केला: तो घेतो म्हणून तसा वाजवतो. त्याच्याच बँडमधला ट्रंपेटवादक रेड रॉडनी या हिशोबानं हेरॉइनला लागला आणि त्यानं तुरुंगात वर्षं घालवली. पार्कर मात्र सांगत होता की गांजा, सुई किंवा दारूनं आपण जास्त चांगलं वाजवतो असं म्हणणारा वादक धडधडीत खोटं बोलतो. पोरांनी त्याचं बोलणं सोडलं, सुई घेतली.

तो तसा का वाजवायचा याचं उत्तरही त्यानंच एका मुलाखतीत दिलंय. तीन-चार वर्षं रोज अकरा ते पंधरा तास रियाज. शेजारी इतके कावले की त्यांनी त्याच्या आईला घर बदलायला सांगण्याची धमकी दिली. हा तपशील पोस्टरवर छापत नाहीत, कारण त्यात धूर नाही. उलट १९४६ च्या जुलैमधलं त्याचं 'लव्हर मॅन' ऐक. हेरॉइन मिळत नव्हतं, त्याची जागा दारूनं घेतली होती, आणि गाणं सुरू झाल्यावर हा पहिल्या मात्रांना आतच येत नाही. जगातली सगळ्यात जलद बोटं सूर चाचपडताहेत. काही रसिकांना ते काळीज पिळवटणारं वाटतं. पार्करला मात्र ते बाजारात आलं याचाच संताप होता. त्या ध्वनिमुद्रणानंतर तो कोसळला आणि सहा महिने कॅमारिलोच्या मनोरुग्णालयात राहिला. १२ मार्च १९५५ ला तो गेला तेव्हा तपासणाऱ्या डॉक्टरनं त्याच्या वयाचा अंदाज पन्नास ते साठ असा लिहिला. तो चौतीस वर्षांचा होता.

पियानोवादक बिल एव्हान्सबद्दलही एक किस्सा जॅझवाले फार रंगवून सांगतात. सुई टोचताना नस दुखावली, उजवा हात बधिर झाला आणि तो क्लबमध्ये नुसत्या डाव्या हातानं वाजवत राहिला. लोक मुद्दाम बघायला आले म्हणे. मी हा किस्सा पहिल्यांदा ऐकला तेव्हा मीही वाहवा केली होती. आता वाटतं, पियानोवाल्याचा उजवा हात गेला आणि आपण टाळ्या वाजवल्या.

'सोडलं तर गाणं सुटेल का', हा प्रश्न सॅक्सोफोनवादक सॉनी रोलिन्सलाही पडला होता, अगदी याच शब्दांत म्हटलं तरी चालेल. हेरॉइन सुटलं तर वाजवणंही जाईल अशी त्याला धास्ती होती. १९५५ मध्ये तो केंटकीतल्या लेक्सिंग्टनच्या सरकारी व्यसनमुक्ती संस्थेत गेला. १९५६ मध्ये त्यानं 'सॅक्सोफोन कलोसस' ध्वनिमुद्रित केलं. बाकी काही सांगत नाही, ते लावून ऐक. ट्रंपेटवादक माइल्स डेव्हिसनं १९५४ च्या आसपास हेरॉइन सोडलं, 'काइंड ऑफ ब्लू' १९५९ चं आहे. सॅक्सोफोनवादक जॉन कोल्ट्रेनला याच माइल्सनं १९५७ मध्ये नशेपायी बँडमधून काढलं. त्याच वर्षी कोल्ट्रेन त्यातून बाहेर पडला आणि आज आपण ज्याला कोल्ट्रेन म्हणतो तो जवळपास सगळा त्यानंतरचा. 'जायंट स्टेप्स' १९५९ मध्ये ध्वनिमुद्रित झालं, 'अ लव्ह सुप्रीम' डिसेंबर १९६४ मध्ये. या दुसऱ्याच्या वेष्टनावरच्या मजकुरात त्यानं १९५७ सालच्या त्या जागृतीबद्दल देवाचे आभार मानलेत. नशेत असता तर अजून चांगला वाजवला असता असं अजून तरी कुणी म्हटल्याचं मी ऐकलेलं नाही.

आता तू म्हणशील, ताई सोयीची उदाहरणं वेचतेय. बरोबर. गैरसोयीची दोन देते. जॅझचा ट्रंपेटवादक लुई आर्मस्ट्राँग जवळजवळ आयुष्यभर गांजा ओढत होता, १९३० मध्ये त्यापायी अटकही झाली, १९२८ च्या त्याच्या एका ध्वनिमुद्रणाचं नाव 'मगल्स' आहे आणि तो त्या काळी गांजाचाच टोपणशब्द होता. वाजवण्यात काही कमी? मुळीच नाही. आणि ब्रिटिश रॉक गायक डेव्हिड बोवीचा 'स्टेशन टू स्टेशन', १९७६, कोकेनच्या पार टोकाला असताना केलेला. माझ्या मते अप्रतिम अल्बम आहे. पण तो करतानाचं बोवीला नंतर जवळपास काही आठवत नव्हतं. लॉस एंजलिसला झाला हे आपल्याला वाचून कळलं, असं तो म्हणायचा. स्वतःच्या उत्तम कामाला आपणच हजर नव्हतो, ही किंमत तुला परवडते का बघ. त्याला परवडली नाही. तो त्या शहरातून, त्या सवयीतून पळाला आणि १९७७ मध्ये 'लो' आणि 'हीरोज' आले.

शिवाय आर्मस्ट्राँगचं उदाहरण तुझ्या मित्राच्या मुद्द्याला मदत करत नाही. आर्मस्ट्राँग ओढत होता तरी वाजवू शकत होता, इतकंच त्यातून निघतं. 'ओढत होता म्हणून' निघत नाही. त्याच काळात ओढणारे आणि सुमार वाजवणारे हजारो असतील, त्यांची नावं आपल्याला माहीत नाहीत म्हणून ते हिशोबात येत नाहीत. सत्तावीस वर्षांच्या गूढ क्लबचंही, म्हणजे मोठे संगीतकार सत्ताविसाव्या वर्षीच जातात या दंतकथेचंही, तेच. २०११ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये एक हजारांवर संगीतकारांचा हिशोब मांडला गेला, तर सत्ताविसाव्या वर्षी मृत्यूंचा काही विशेष उंचवटा निघालाच नाही. निघालं ते हे की विशी आणि तिशी सगळीच धोक्याची, सामान्य माणसांच्या दोन-तीन पट. दंतकथेपेक्षा वाईट बातमी, नाही का?

आपल्याकडचं एकच नाव घेते, कारण ते या प्रकरणात थेट सापडलं होतं. पंडित रविशंकर अमेरिकेत १९६७ मध्ये माँटरेच्या आणि १९६९ मध्ये वुडस्टॉकच्या संगीत महोत्सवात वाजवायला गेले तेव्हा सतार आणि एलएसडी हे समीकरण तिकडच्या तरुणांच्या डोक्यात पक्कं बसलं होतं. त्यांना ते अजिबात आवडलं नाही. हे संगीत ऐकायला नशा लागत नाही, हे ते सांगत राहिले. ज्या आलापीनं ती पोरं तरंगत होती ती आलापी वाजवणारा माणूस वर्षानुवर्षांच्या शिस्तीतून आलेला आणि पूर्ण जागा होता.

ॲसिडबद्दल मात्र मी थट्टा करणार नाही. पिंक फ्लॉइडच्या सिड बॅरेटचं नाव मित्रानं घेतलं नाही, आश्चर्य नाही. पहिल्या अल्बमचा बहुतेक सगळा जीव त्याच्या गाण्यांत होता. एप्रिल १९६८ मध्ये तो बँडबाहेर होता. जून १९७५ मध्ये तो स्टुडिओत आला तेव्हा मित्रांनी त्याला ओळखलं नाही, आणि ते त्या वेळी ज्या गाण्यावर काम करत होते ते त्याच्यावरचंच होतं. त्याचं मन नुसत्या एलएसडीनं गेलं की आधीच काही दुखणं होतं, यावर लोक आजही वाद घालतात. वादाचा निकाल काहीही लागो, तुझ्या कामाचा भाग असा की मनाचे गंभीर आजार बरेचदा याच वयात, विशीत, पहिल्यांदा डोकं वर काढतात, आणि अशा पदार्थांनी ते उफाळू शकतात. बीच बॉइजचा ब्रायन विल्सन एलएसडीनंतर कानात आवाज ऐकू लागला. १९६७ मध्ये बाजूला पडलेला त्याचा 'स्माइल' हा अल्बम पुरा व्हायला २००४ उजाडलं. तुझ्या जवळच्या नात्यात कुणाला असा आजार असेल तर ॲसिडच काय, गांजाही तुझ्यासाठी नाही. आणि मित्र उद्या गोळ्या आणेल तर एवढंच लक्षात ठेव की बाहेरून आलेल्या गोळीत काय आहे हे ती आणणाऱ्यालाही माहीत नसतं. अमेरिकन रॅपर मॅक मिलर २०१८ मध्ये सव्विसाव्या वर्षी गेला. वेदनाशामक म्हणून घेतलेल्या गोळ्या बनावट होत्या, त्यात फेंटॅनिल हे फार जहाल औषध होतं.

आता तुझी तीन गाणी. त्या रात्रींत गांज्याशिवाय आणखी काय काय होतं, ते कागदावर लिहून काढ. मी पैजेवर सांगते, यादी अशी निघेल: बंद दार, बाजूला ठेवलेला फोन, पाच-सहा सलग तास, आणि समोर एक माणूस, जो तुझ्या प्रत्येक अर्ध्या ओळीला 'हे भारी आहे, पुढे?' म्हणत होता. गाणी त्यातून निघाली असण्याची शक्यता मला धुरापेक्षा कितीतरी जास्त वाटते. तीच रात्र तशीच ठेव. फक्त जॉइंट काढ. आणि नियम कर, त्या रात्री काहीही खोडायचं नाही. भिकार ओळ आली तरी ती म्हणायची, रेकॉर्ड करायची, पुढे जायचं. परीक्षकाला दुसऱ्या दिवसाची वेळ द्यायची. निबंध वाटतोय? एक तार मुद्दाम वेगळ्या सुरात लाव म्हणजे हाताला सवयीचे कॉर्ड सापडणार नाहीत. निम्म्या वेगानं वाजव. रेकॉर्ड केलेलं उलटं फिरवून ऐक आणि त्यातले चार सूर उचल. डोकं बधिर न करता त्याला चकवायचे असे शंभर मार्ग आहेत आणि वर सांगितलेल्या मंडळींनी ते सगळे वापरलेत.

पहिले दोन आठवडे वाईट जातील, आधीच सांगते. रोज ओढणाऱ्यानं थांबवलं की झोप उडते, चिडचिड होते, विचित्र ठळक स्वप्नं पडतात आणि सगळं बेचव लागतं. संगीतसुद्धा. त्या वेळी तुला वाटेल, बघा, गेलं गाणं. ते गाणं गेलेलं नसतं, अंगातून गांजा उतरत असतो. आणखी एक अडचण येईल. एका अवस्थेत शिकलेली गोष्ट त्याच अवस्थेत जास्त सहज आठवते, असा मेंदूचा स्वभाव आहे. तू दीड वर्ष ओढून सराव केलास, त्यामुळे शुद्धीवर बोटं अडखळतील. ती गाणी शुद्धीवर पुन्हा बसवावी लागतील, नवी असल्यासारखी. महिनाभरानंतरही जमत नसेल, किंवा थांबवायचं ठरवून दर वेळी हात तिकडेच जात असेल, तर व्यसनमुक्तीचं काम करणाऱ्या डॉक्टरला भेट. त्यात लाज कसली, रोलिन्स गेलाच होता. आणि गांज्याबरोबर रोजची दारू किंवा झोपेच्या गोळ्याही चालू असतील, जे तू मला लिहिलेलं नाहीस, तर त्या मनानं एकदम तोडू नकोस. त्यात झटके येऊ शकतात. ते डॉक्टरच्या देखरेखीखालीच.

राहिला ड्रमर. तो बरोबर आहे. गांज्यानं आतलं घड्याळ बिघडतं, हे वर आलंच. वाजवणाऱ्याला वाटतं आपण ऐसपैस, निवांत वाजवतोय, आणि ऐकणाऱ्याला तो मागे पडलेला दिसतो. भांडण कर हवं तर, पण मेट्रोनोम लावून कर. तुझ्या फोनमध्ये त्या रात्रींची रेकॉर्डिंग पडली असतीलच, नव्यानं ओढायची काही गरज नाही. त्यातली पाच घे. पुढच्या महिन्यात शुद्धीवर केलेली पाच घे. ड्रमरकडे दे, त्याला नावं काढून नुसते आकडे टाकायला सांग आणि कोणती कुठली हे त्याच्यापाशीच राहू दे. पंधरा दिवस हात लावू नकोस. मग दोघांनी बसून ऐका आणि ठेवायची कोणती ते लिहा.

दहाच्या दहा मलाही पाठव, तशीच, आकडे टाकलेली. मी आधी माझी यादी करते, मग त्याला उत्तरं विचारू.